बल्दियानं मागितलेला राजीनामा

खुरदादची अठरा तारीख, फसली तेराशे चौपन्न, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पंचेचाळीस. पाडवा होऊन दहा दिवस झाले होते. त्या दिवशीचं काम एकच होतं: नांदेडच्या बल्दियात घराचा नकाशा दाखल करायचा आणि आवक नंबर घेऊन यायचा. सकाळची पंगत उठवली, खरकटी भांडी तशीच ठेवली आणि नकाशाची गुंडाळी पदराखाली धरून कचेरी उघडायच्या वेळी दारात जाऊन उभी राहिले.

बल्दिया म्हणजे आजची नगरपालिका. तेव्हा निजामाचं राज्य होतं. कचेरीचा सगळा कागद उर्दूत चालायचा आणि सरकारी महिनेसुद्धा वेगळे होते. आमच्या देवघरात चैत्र असला तरी कचेरीत खुरदाद असायचा. मी बार्शीची, म्हणजे इंग्रजी मुलखातली. लग्न होऊन इकडे आल्यावर या महिन्यांची नावं मी पाढ्यांसारखी पाठ केली. भाषा मात्र शिकले नाही. बोललेलं समजायचं, लिहिलेलं नाही. त्यावाचून माझं काही अडलं नाही, असं मी तेव्हा चारचौघींत सांगत असे.

वजिराबादेत दोन खोल्या भाड्यानं घेऊन मी खानावळ चालवत होते. आमचे हे शाळामास्तर होते. ते विषमज्वरानं गेले आणि दुसऱ्याच महिन्यात मी त्यांच्याच शाळेतल्या चार मास्तरांना जेवू घालायला लागले. दोन वर्षांत चाराचे बावीस झाले. वकिलांचे कारकून, रेल्वेतले बाबू, कोर्टाच्या तारखेला आलेले खेड्यातले पक्षकार. नातेवाइकांना ते रुचलं नाही. एक चुलतसासूबाई तोंडावर म्हणाल्या, "रांधून वाढायचीच हौस होती तर घरात काय कमी माणसं होती?"

"घरातली माणसं जेवून उठतात आणि वर नावं ठेवतात," मी म्हटलं. "ही नुसती जेवून उठतात."

त्या पुन्हा आल्या नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही.

घरमालकाला मुलाच्या लग्नाकरता खोल्या परत हव्या होत्या. अमरदाद महिना लागायच्या आत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, जागा सोडा असं त्यानं सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता. त्यानं वर्षभर आधी बजावलं होतं. त्या वर्षात मी नांदेड पालथं घातलं. विधवेला खोली मिळत होती, खानावळीला मिळत नव्हती. धूर होतो, उष्ट्यानं माश्या होतात, परके बाप्ये दिवसभर जा-ये करतात. कारणं सगळ्यांची तीच. तेव्हा मी ठरवलं की आपलीच जागा आहे, तिथं बांधायचं.

जागा स्टेशनकडच्या अंगाला होती. लातूरजवळच्या मुरुडची जमीन विकून सासऱ्यांनी ती दोन्ही मुलांच्या नावानं घेतलेली. थोरले आमचे हे, धाकटे माझे दीर. हे गेल्यावर यांच्या जागी माझं नाव लागलं. जागेवर एक बाभळ आणि कुणीतरी आणून टाकलेले दगड एवढंच होतं.

लढाईचे दिवस होते. पत्रे, लोखंड, सिमेंट परवान्याशिवाय मिळत नसे, आणि बल्दियाची बांधकामाची इजाजत दाखवल्याशिवाय तो परवाना कुणी देत नसे. खानावळीचाही परवाना लागे आणि तो जागेवर असे; जागा बदलली की नवा. म्हणजे बल्दियाचा एक शिक्का बसला की मागची सगळी गाडी हलणार होती. तो नाही बसला तर अमरदादच्या पहिल्या तारखेला माझी चूल रस्त्यावर. मिस्त्री ठरवला होता. तो रोज जेवायला यायचा आणि रोज विचारायचा, "अक्का, पाया आखायची दोरी कधी मारू?"

बल्दियातला अहलकार, म्हणजे कारकून, उतारवयाचा होता. दाढीला मेंदी लावलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याच्याबद्दल मला वाईट लिहिता येणार नाही. त्यानं माझा नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दौती ठेवल्या आणि बराच वेळ बघितला.

"ये क्या बाई? बावर्चीखाना इत्ता बडा, और सोने का कमरा इत्ता सा?"

"मी झोपते कमी, रांधते जास्त."

तो हसला. मागच्या बाकावर वकिलांचे दोन कारकून बसले होते, तेही हसले. दोघेही माझ्याकडेच जेवायचे. अहलकारानं जमिनीचा उतारा वाचला.

"जमीन पे दो नाम हैं. एक तुम्हारा. ये दुसरा कौन?"

"माझे दीर. लातूरला असतात."

"तो देवर का राजीनामा होना."

होना म्हणजे पाहिजे, एवढं मला कळत होतं.

"राजीनामा?"

"हौ, राजीनामा. वो लाव, आठ दिन में इजाजत लेव."

मी मान डोलावली. माझे वडील बार्शीच्या मामलेदार कचेरीत कारकून होते. राजीनामा हा शब्द मी परकर नेसायच्या वयापासून ऐकत आले. राजीनामा आणि कबुलायत अशी ती जोडी असे: एकानं जमीन सोडल्याचा राजीनामा द्यायचा, दुसऱ्यानं ती घेतल्याची कबुलायत. नोकरी सोडणाराही राजीनामाच देतो. तेव्हा दिराचा राजीनामा म्हणजे दिरानं जागेवरचा हक्क सोडल्याचा कागद, यात मला शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही.

विचारता आलं असतं. "साहेब, राजीनामा म्हणजे नक्की काय लिहून आणू?" एवढं एक वाक्य. ते मी बोलले नाही, कारण मागच्या बाकावर माझी दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि त्यांच्यासमोर मला अडाणी दिसायचं नव्हतं. हे एक कारण. दुसरं कारण मला फार नंतर दिसलं. तो अर्थ मला सोयीचा होता.

कचेरीच्या आवारात लिंबाखाली एक अर्जनवीस बसायचा, लोकांचे अर्ज लिहून देणारा. माझा अर्ज त्यानंच लिहिला होता. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "काय मागितलं, बाई?"

"दिराचा राजीनामा."

"मंग लिहून देऊ का? एका वळीचं काम हाय. सही तेवढी लातूरहून आणा."

एका ओळीचं काम आहे, हे त्यानं म्हटलं होतं. हक्क सोडायचा कागद एका ओळीत कसा मावेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला हवा होता. मी म्हटलं, "भाऊजींना उर्दू येतं. ते तिथंच लिहितील." आणि घरी येऊन भांडी घासायला बसले.

दीर लातूरला गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत्याकडे मुनीम होते. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. लग्न होऊन मी आले तेव्हा ते नांदेडला आमच्याकडे राहून शाळा शिकत होते. तीन वर्षं माझ्या हातचं जेवले. रात्री कंदिलाशी बसून उर्दूचे धडे मोठ्यानं वाचायचे आणि मी ओरडायचे, "भाऊजी, जरा मनात वाचा, माझं डोकं उठलंय." मी ते धडे ऐकले असते तरी पुष्कळ झालं असतं.

हे आजारी पडले तेव्हा मी लातूरला तार केली होती. दीर पोचले ते तिसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर. गंजात तुरीचा हंगाम होता, मालकानं सोडलं नाही, असं त्यांनी सांगितलं. मी त्यावर एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. न बोललेलं कुजत नाही, मुरतं.

अहमदपूरला बस बदलून मी लातूरला पोचले ती उन्हं कलल्यावर. जावेनं पाय धुवायला पाणी दिलं, धपाटे केले, वर दही वाढलं. तिची मोठी मुलगी शेजारी येऊन बसली, अकरा-बारा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. दीर पेढीवरून आले. हातपाय धुऊन समोर बसले.

"काय वहिनी, असं अचानक? खानावळ कुणावर टाकून आलात?"

"शेजारणीवर. बावीस माणसं दोन दिवस तिचं अळणी वरण खातील. मग माझी किंमत कळेल."

ते हसले. मी आडवळणं घेत नाही. "भाऊजी, स्टेशनच्या जागेवर बांधून राहिले मी. नकाशा दिलाय. बल्दियाला तुमचा राजीनामा पाहिजे."

"देतो की," ते लगेच म्हणाले. "त्यात काय एवढं? त्याच्यासाठी बसचे धक्के खात यायचं का? पत्र टाकायचं."

इतकं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं. आणि सोपं गेलं म्हणूनच मला वाटलं की यांना नीट कळलेलं नाही. नंतर कुणी म्हणायला नको की वहिनीनं फसवून सही घेतली. म्हणून मी स्वच्छ सांगितलं.

"नीट समजून द्या. राजीनामा दिला की तुमचा हिस्सा सुटतो. जागा माझ्या एकटीच्या नावावर होते."

दिरांनी हात पुसायचा पंचा खाली ठेवला.

"असं कोण म्हणालं?"

"बल्दियाचा अहलकार."

"त्यानं असं सांगितलं? हिस्सा सोडा म्हणून?"

"राजीनामा मागितला. म्हणजे तेच की."

"बल्दियाला माझा हिस्सा कशाला लागतो, वहिनी?"

"मला काय माहीत? कागदाचं काम आहे. आणि तसं बघितलं तर तुम्ही तिथं काय करणार आहात? दोन वर्षांत त्या जागेला एकदा तरी पाय लावलात का?"

"नाही लावला."

"तुरीचा हंगाम असतो तुमचा."

हे माझ्या तोंडून गेलं. जाऊ आत चुलीपाशी होती, तिच्या हातातलं उलथनं थांबलेलं मला ऐकू आलं. दिरांनी मुलीला बाहेर जायला सांगितलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, जागा पाहिजे तर जागा पाहिजे म्हणा. बल्दियाचं नाव मधी कशाला घालता?"

मला वाटलं हे मला खोटी ठरवून राहिलेत. माझा पारा चढला.

"बरं, नाही घालत. मला पाहिजे. मी तिथं चूल मांडणार, मी तिथं राबणार. मला सगळी पाहिजे. द्या."

"हाव," ते म्हणाले. "देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः कचेरीत जाऊन स्टँपाचा कागद घेऊन आले. ओसरीवर बसून उर्दूत लिहिलं. पान भरलं तरी संपलं नाही, मागच्या बाजूला गेलं. गंजातले दोन ओळखीचे साक्षीदार बोलावून त्यांच्या सह्या घेतल्या. मी वाचून दाखवा म्हटलं नाही, त्यांनी वाचून दाखवलं नाही. कागद वाळल्यावर माझ्या हातात दिला.

"घ्या. पक्कं केलंय. कुणी उकरून काढू शकणार नाही."

निघताना जाऊ दारापर्यंत आली. तिनं ओटी भरायचा प्रश्नच नव्हता, मी विधवा. एरवी ती बरोबर शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. त्या दिवशी हात रिकामे होते.

"अक्का, एक विचारू? तिकडं मागच्या अंगाला एक खोली काढणार होतात ना तुम्ही?"

"काढतेय. सामानाला."

"न्हाई, मी आपली यांना म्हणत होते, नांदेडला शाळा मोठी हाय. पोरीला अक्कापाशी ठेवू, चार बुकं शिकंल, तुमच्या हाताखाली बी येईल. आपलीच जागा हाय, कुणाच्या दारात न्हाई." ती हसल्यासारखं करून पदर चाचपत राहिली. "आता ऱ्हाऊ द्या."

मी तिला म्हणू शकले असते की पोरीला पाठव, जागा कुणाच्या का नावावर असेना. मी म्हटलं, "बस निघून जाईल," आणि चालू लागले.

कचेऱ्यांत फिरून मी एक गोष्ट शिकले होते. कागद हातात दिला की तो हरवतो, म्हणून आधी आवक नंबर टाकून घ्यायचा, वाचायचं मग. लातूरहून आल्यावर तिसऱ्या दिवशी, मधला शुक्रवार सुट्टीचा गेला म्हणून, मी बल्दियात गेले आणि अहलकारापुढे कागद ठेवला. तो चष्मा पुसायला लागला.

"वाचाल मागून, साहेब. आधी नंबर टाका."

"बडी हुशार हो बाई तुम," तो म्हणाला. नंबर टाकला, शिक्का मारला, कागद फायलीत दोऱ्यानं ओवला. मग वाचायला घेतला. पान उलटलं. मागची बाजू वाचली. परत पुढची.

"बाई, ये क्या ले के आये?"

"राजीनामा."

"राजीनामा नहीं है ये. ये तो लादावा है. देवर अपना हक छोड दिया, पूरा का पूरा. मय औलाद, बालबच्चों समेत." त्यानं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "झगडा हुआ क्या?"

मी म्हटलं, "तुम्हीच मागितला होता."

"मैं राजीनामा बोला था. राजी, नामा. वो राजी है, इतना लिखा हुआ कागज. 'मेरी भाबी घर बांध रही, मैं राजी हूँ.' बस, खतम. हक छोडने को मैं कायको बोलूँ? उसका हक उसके पास, तुम्हारा तुम्हारे पास."

राजी. हा शब्द मराठीतही आहे. मी रोज वापरत होते. मिस्त्रीला राजी केलं, शेजारणीला राजी केलं. राजीनाम्यात तोच शब्द आहे हे मला छत्तिसाव्या वर्षी एका म्हाताऱ्या अहलकारानं दोन तुकडे करून दाखवलं. बार्शीला ज्यानं जमीन सोडली तो राजीखुशीनं सोडली असं लिहायचा, म्हणून तो राजीनामा. आमच्याकडे राजी पुसट झालं होतं आणि सोडणं तेवढं उरलं होतं.

"मग हा कागद काढून टाका," मी म्हटलं. "मी दुसरा आणते."

त्यानं मान हलवली. नंबर पडला होता, कागद ओवला गेला होता. आता त्याची रजिस्ट्री करायची, मग तहसिलीत नाव फिरवायचं, आणि जागा माझ्या एकटीच्या नावावर झाली की नव्यानं अर्ज. सहा महिने धरून चला, तो म्हणाला. मग त्यानं आवाज उतरवला.

"एक काम हो सकता. देवर खुद आ के बोले, लादावा गलती से लिखा, मैं राजी हूँ. साहब मान जायेंगे. जाव, ले के आव. भाबी-देवर का मामला है, इत्ता भी नहीं करेगा?"

लिंबाखालच्या अर्जनविसानं या वेळी मला विचारलं नाही. मीच त्याच्यापुढे बसले आणि सांगितलं, "ती एक ओळ लिहून द्या." त्यानं खरंच एका ओळीत लिहिलं.

दुसऱ्यांदा लातूरला गेले ती थेट पेढीवरच. घरी जाऊन जावेचं तोंड बघायची तयारी नव्हती. गंजात शेंगांची पोती उतरत होती, हमाल ओरडत होते, सगळीकडे धूळ आणि फोलपटं. दीर गादीवर वही लिहीत होते. मला बघून उठले, पेढीच्या मागे पोत्यांच्या आडोशाला घेऊन गेले, बसायला एक रिकामं खोकं दिलं.

मी सगळं सांगितलं. शब्द चुकला, बार्शीचा अर्थ लावला, नंबर पडला. माझी चूक झाली हे शब्द मी आयुष्यात थोड्या वेळा उच्चारले आहेत. त्या दिवशी दोनदा उच्चारले. ओळ लिहिलेला कागद पुढे केला. "यावर सही करा आणि एक दिवस नांदेडला चला. लादावा चुकून लिहिला असं साहेबासमोर म्हणायचं, बस्स."

दिरांनी ती ओळ वाचली.

"चुकून नाही लिहिला. मी शुद्धीत होतो."

"माझी चूक होती म्हणा."

"तुमची बी नव्हती."

"भाऊजी, मला शब्द कळला नव्हता."

"मला कळला होता," ते म्हणाले.

हे मला बसमध्ये येतानाच दिसायला हवं होतं. सहा वर्षं उर्दूत शिकलेला माणूस. राजीनामा म्हटल्यावर तो लगेच "देतो की" म्हणाला होता.

"तुम्हाला माहीत होतं की बल्दियाला नुसती संमती पाहिजे?"

"हाव."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? वहिनी, तुमचं चुकतंय, एवढंच म्हणायचं होतं."

"म्हटलं असतं," ते म्हणाले, "तर तुमच्या मनात काय हाय ते मला कधी कळलं नसतं." मग म्हणाले, "तार मिळाली त्या दिवशी मालकाच्या पाया पडलो होतो मी. तुम्ही कधी विचारलं नाही. मी बी सांगितलं नाही. तुरीचा हंगाम म्हणालात, तेव्हा कळलं की दोन वर्षं हिशोब ठेवलाय तुम्ही."

"हिशोब नाही ठेवला."

"बरं."

बाहेरून कुणीतरी "मुनीमजी" म्हणून हाक मारली. ते आलोच म्हणाले, पण हलले नाहीत.

"माझी खानावळ बंद पडेल," मी म्हटलं. "महिन्याभरात खोल्या सोडायच्या आहेत. दुसरं कुणी दारात उभं करत नाही."

"मला वाईट वाटतं त्याचं. खरंच. पण ज्या जागेत माझं काही नाही, तिच्यावर मी राजी कसा होऊ? राजी व्हायला बी हक्क लागतो, वहिनी." त्यांनी कागद नीट घडी करून मला परत दिला. "जागा घ्या. तुम्ही मागितली, मी दिली. आता ती परत माझ्या गळ्यात मारू नका."

मी खोक्यावरून उठले. "घरी जाऊन या, जेवून जा," असं ते म्हणाले. म्हणायचं म्हणून म्हणाले. मी नाही म्हटलं. बस दुपारची होती.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. राज्य बदललं, बल्दियाची नगरपालिका झाली, अर्ज मराठीत जातात आणि राजीनामा म्हणजे राजीनामाच, बार्शीसारखा. ओळखीचे लोक ही हकीकत ऐकून म्हणतात, काय ती उर्दू, काय तो कारभार, माणसाला फसवायचीच भाषा. मी त्यांना थांबवते. भाषेनं मला फसवलं नाही. अहलकारानं जे पाहिजे ते बरोबर शब्दात मागितलं होतं. अर्जनविसानं एका ओळीचं काम म्हणून सांगितलं होतं. दिरांनी तर मला दोनदा संधी दिली. बल्दियाला माझा हिस्सा कशाला, असं सरळ विचारलं. पण त्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माणसाची परीक्षा घ्यायची तर त्याच्या डोक्यावर छप्पर असताना घ्यावी. मी तशी घेतली नसती, असं मला वाटतं. खात्रीनं सांगता येणार नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला नांदेडला उतरले. शेजारीण वाट बघत होती. काय झालं विचारलं, मी म्हटलं उद्या सांगते, आणि दुसऱ्या दिवसाची डाळ भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी पंगत बसली. ताक वाढून झाल्यावर मी उभ्यानंच सांगितलं की अमरदाद लागायच्या आत खानावळ बंद होणार, सगळ्यांनी आपापली सोय बघावी. मास्तरांपैकी एक म्हणाले, "अहो बाई, असं कसं? आम्ही जायचं कुठं?" मिस्त्री ताटावरून उठता उठता थांबला. "मंग दोरी?" मी म्हटलं, "सहा महिन्यांनी या. तोवर दुसरं काम धरा." एक रेल्वेतला बाबू म्हणाला, आम्ही कुणाला सांगून बघू का. मी म्हटलं, सांगून बघितलंय.

भांडी शेजारणीवर टाकली आणि तहसिलीत गेले. नाव फिरवायच्या अर्जाचा छापील कागद घेतला. तिथला कारकून तरुण होता, मराठी बोलायचा. तो एकेक रकाना वाचून विचारत गेला आणि मी सांगत गेले. जागा कुठं, चतुःसीमा काय, आधीचे मालक कोण. एका रकान्यावर तो थांबला.

"हे उर्दूत काय लिहिलंय ते सांगा," मी म्हटलं. "शब्दाला शब्द."

"दुसरा कुणी हिस्सेदार आहे का, असं विचारलंय."

"नाही," मी म्हटलं. त्यानं ते लिहिलं. मग मी त्याला सगळा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायला लावला. मागे रांग लागली होती, लोक कुरकुर करत होते. तो वाचून थांबला तेव्हा मी सही केली.